चुन्याची निवळी

आधीच सांगून टाकते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मला आजही कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. नातीच्या मागल्या वर्षीच्या वहीत कोरी पानं उरली होती, ती रद्दीत टाकायला निघाली तेव्हा मी मागून घेतली. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चुकून कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. मला चार माणसांत बोलता येत नाही, लग्नाकार्यातही मी चुलीमागंच बरी. पेन हातात असलं की समोर कुणी बसलेलं नसतं, म्हणून एवढं धाडस.

आमचं माहेर लोणीचं. शेत होतं ते नावाला, पोट चालायचं ते चुन्यावर. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना लोकांच्या घरांना चुना मारायचे. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत त्यांना जेवायला सवड नसायची, आणि बाकीच्या वेळी ते कामाची वाट बघत ओट्यावर केकताडाची पानं ठेचून त्यांच्या धाग्यांचे कुंचले करत बसायचे. दगडावर ती ठकठक चालली की आई समजायची, आज मजुरी नाही. दुसरा आवाज चुनकळी विझवण्याचा. कळी दिसायला साध्या दगडासारखी. ती ड्रममध्ये टाकायची, वरून पाणी ओतायचं. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही. मग आत कुणी कुरकुरावं तसा आवाज यायचा, मग रटरट सुरू व्हायची, आणि खाली जाळ नसताना अख्खा ड्रम उकळायला लागायचा. आई म्हणायची, "ह्याला भूक बी पाण्याची, आन् पाणी प्याला की पेटतोय बी ह्योच." चुन्यात थोडी नीळ आणि डिंक पडला की नाना कामाला निघायचे. त्यांच्या हाताच्या भेगा पांढऱ्याच असायच्या. भाकरी मोडताना त्या भेगांतून रक्त यायचं, ते भाकरीला पुसायचे आणि खायचे.

एखादं मोठं घर रंगवून झालं की मालकाकडून जेवण मिळायचं. नाना ते तिथं खायचे नाहीत, फडक्यात बांधून घरी आणायचे. मासवडी असली तर घरात सणच. बेसनाच्या त्या वड्या रश्शात भिजून फुगलेल्या असायच्या, आतलं तीळ-खोबरं लालभडक. माझा धाकटा भाऊ सुदाम आधी रस्सा प्यायचा आणि वडी शेवटाला ठेवायचा, मग ती कुणीतरी उचलेल म्हणून वाटीवर हात धरून बसायचा. आम्ही दोघंच भावंडं. आई नानांबरोबर कामाला जायची, घर बघायला कुणीतरी हवं, म्हणून चौथीनंतर मी घरी राहिले. मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही. वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की मी खाली बघून पाटी पुसत बसायची.

आमच्या घरात लहान पोरालाही दोन गोष्टी ठाऊक होत्या. कळीला ओला हात लावायचा नाही. आणि चुना मारताना शिंतोडा डोळ्यात उडाला तर डोळ्यात तूप सोडायचं. त्यासाठी आई एका वाटीत तूप झाकून वेगळं ठेवायची. ते खायला मागितलं तर ओरडायची. नानांच्या डोळ्यात कितीदा शिंतोडे गेले असतील. तूप सोडायचे, डोळा दोन दिवस लाल राहायचा, मग बरा व्हायचा. म्हणजे तूप हेच औषध, हे घरात पक्कं झालं. शिंतोड्यातला चुना विझलेला असतो, पाण्यात पातळ केलेला असतो, आणि जिवंत कळीची गोष्ट वेगळी, हा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

सुदाम हुशार होता. त्याचं पाठांतर मी घ्यायचे. मी भाकऱ्या थापत असले की तो चुलीपुढं पुस्तक उघडून माझ्या गुडघ्याला टेकवून ठेवायचा आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून धडाधडा म्हणायचा. मला एका वाक्याचा अर्थ कळायचा नाही, पण पुस्तकातला शब्द आणि त्याच्या तोंडातला शब्द वेगळा आला की मी कालथा आपटायची. तो म्हणायचा, "आक्के, तू मास्तरापेक्षा बेकार हायेस. मास्तर झोपतो तरी." नववी-दहावीत रसायनं आली. संयुजा, आम्ल, आम्लारी, क्षार. असले शब्द भाजी परतताना ऐकून ऐकून मला तोंडपाठ झाले होते. आता सासरी, अवसरी खुर्दला, आमच्या दोन खोल्या कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिल्यात. परीक्षा आली की ती ओसरीत येरझाऱ्या घालत असंच काहीतरी पुटपुटतात, आणि माझा हात आपोआप कालथ्याकडं जातो.

शाळेत पोरं सुदामला चुन्या म्हणायची. नानांच्या जुन्या सदऱ्याची त्याला पँट शिवलेली होती आणि तिच्यावरचे पांढरे डाग काही केल्या जात नसत. घरी त्यानं कधी सांगितलं नाही. पण तो दहावीत असताना एक दिवस, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा, वर्गातली पोरं आमच्या दारात आली आणि मी दारामागून ऐकलं. विज्ञानाच्या सरांनी घरचा अभ्यास दिला होता. प्रत्येकानं बाटलीत चुन्याची निवळी करून आणायची. वर्गात नळीनं तिच्यात फुंकर मारायची, ती दुधासारखी पांढरी झाली की श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो.

"चुन्या, तुज्या घरात तर निवळीची विहीरच हाय राव," एक जण म्हणाला. "मला बी एक बाटली आण."

"मला बी. जो आननार न्हाई त्यो वर्गाच्या भायेर, सर म्हनल्यात."

"आनतो की," सुदाम म्हणाला. "पर बाटल्या तुमी द्या. निवळी फुकट दिऊ, आन् बाटली बी फुकट दिऊ व्हय?"

सगळे हसले. मग बाटल्या आल्या. औषधाच्या, गोळ्यांच्या, आणि एकानं तर बापाची दारूची क्वार्टर आणली. सुदामनं वास घेऊन विचारलं, "धुतली का रं?"

"धुवायची काय गरज? बापानं चाटून साफ केलीया."

त्या संध्याकाळी सुदाम बाटल्या ओळीनं मांडून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदाच चुना त्याच्या कामाला आला होता. आई म्हणाली, "एवढ्या पोरांचा अभ्यास तूच करनार, मग त्यांनी काय करायचं?" तो म्हणाला, "त्यांनी फुकायचं."

निवळी करायची रीत साधी. विझलेला चुना पाण्यात ढवळायचा, ठेवून द्यायचा, वर नितळ पाणी राहतं ते गाळून घ्यायचं. तो नानांच्या ड्रममधला चुना घेणार होता. पण नानांना पारगावच्या साखर कारखान्याच्या चाळींचं काम अचानक मिळालं आणि पहाटेच्या टेम्पोत ते एकटेच ड्रम घेऊन गेले, आई मागं राहिली. सकाळी उठून बघतो तर ड्रमच्या जागी ओला गोल डाग. घरात विझलेला चुना नाही. डब्यात थोडी कळी मात्र होती.

"मग बाटलीतच इझवतो," तो म्हणाला.

"नाना येऊंदे की. उद्या ने."

"आजच सायन्सचा तास हाय, आक्के. सगळी माज्यावर बसल्यात."

त्यानं ओट्यावर कळी फोडली, खडे बाटल्यांत टाकले. पहिल्या बाटल्यांत पाणी घालून त्या उघड्याच ठेवल्या, त्या नीट झाल्या. मग शाळेची घंटा ऐकू आली. लांबून यायची ती घंटा, पण आली की घाई. उरलेल्या बाटलीला त्यानं बूच दाबून बसवलं आणि लवकर विरघळावं म्हणून हलवायला घेतली. मी आत होते, तव्यावर भाकरी होती. हलवल्याचा खुळखुळ आवाज मला ऐकू येत होता. मग तो थांबला, कारण बाटली हाताला चटका देत असणार. तो म्हणाला, "आयला, लई तापली गं," आणि ती तोंडापुढं धरून बघितली असणार. दिवाळीचा राहिलेला फटाका उडावा तसा आवाज झाला.

मी बाहेर आले तर तो ओट्यावर गुडघ्यावर बसला होता, दोन्ही हात तोंडावर, आणि बोटांच्या फटींतून पांढरं गळत होतं. ओरडत नव्हता. नाकातनं नुसता हुंकार काढत होता. मी दारातल्या रांजणातून तांब्या भरून उचलला.

"पाणी नको!" तो किंचाळला. तांब्या बुडल्याचा आवाज त्यानं ऐकला होता. "आक्के, पाणी न्हाई! पेटंल त्यो! कळी हाय, पेटंल!"

मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. तो खरंच सांगत होता. आमच्या घरात तेच खरं होतं आणि पुस्तकातही तेच होतं. चार दिवस आधी मीच त्याचं ते पाठांतर घेतलं होतं. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की उष्णता बाहेर पडते. आई पाठीमागून वाटी घेऊन धावत आली आणि तिनं त्याचे हात बाजूला ओढून दोन्ही डोळ्यांत तूप सोडलं. त्याला थोडं बरं वाटल्यासारखं झालं. म्हणाला, "आता थंड वाटतंय." आत माझी भाकरी जळत होती आणि तिचा वास सगळीकडं भरला होता.

मंचरला जायला बटाट्याचा टेम्पो मिळाला. पोत्यांच्या वर आम्ही त्याला मांडीवर घेऊन बसलो. डोळ्यांवर आईच्या पदराची चिंधी बांधलेली. वाटेत एकदाच तो बोलला. "आक्के, झालेल्या बाटल्या तेवढ्या पोरास्नी दे."

मंचरच्या डॉक्टरांनी चिंधी काढली आणि पहिलं विचारलं, "पाण्यानं किती वेळ धुतले?"

आई म्हणाली, "धुतलं न्हाई. चुना हाय त्यो, पाण्यानं पेटतोय. तूप सोडलं."

डॉक्टर तरणे होते. त्यांनी नर्सला हाक मारली, सलाईनच्या बाटल्या फोडल्या आणि किती तरी वेळ स्वतःच्या हातानं डोळे धुत राहिले. आतून पांढरे कण निघत होते, तुपात बसलेले. धुता धुता ते हळू आवाजात, आम्हाला असं नाही, स्वतःशीच बोलले. "भरपूर पाणी लागतं. लगेच. घागरी ओतायच्या. थोडं पाणी चुन्याला तापवतं, भरपूर पाणी त्याला घेऊन जातं." मग आईकडं बघून त्यांनी पुढची बाटली घेतली. आईला ते नीट कळलं नसावं. सुदामला कळलं. टेबलावर पडल्या पडल्या त्यानं माझं मनगट चाचपलं आणि ते धरून ठेवलं. त्यानंतर आजपर्यंत आम्ही दोघं त्या तांब्याबद्दल एक शब्द बोललेलो नाही.

पुढचं पुण्याला. मोठा दवाखाना, लांब व्हरांडे, आणि फिनेलचा वास. नानांनी पैसे आणले ते फुलचंदशेठकडून. मंचरच्या पेठेत शेठचं रंगाचं, चुन्याचं, दोरखिळ्यांचं दुकान होतं. जैन माणूस, मूळ मारवाडचे, पण त्यांच्या आज्यापासून मंचरलाच. नाना सगळा माल त्यांच्याकडूनच घ्यायचे, ती कळीही त्यांच्याच दुकानातली. नानांनी काही सांगायच्या आत शेठनी गल्ला उघडला म्हणे. आणि म्हणाले, "व्याज नको मला. पण परत मात्र द्या. नाही दिले तर तुम्ही लाजेनं माझ्या दुकानाची पायरी चढायचे नाही, आणि माझा पैसाही जाईल, माणूसही जाईल." नाना हे आम्हाला सांगताना पहिल्यांदा रडले. दवाखान्यात त्यांनी हातावरचा चुना इतका घासला होता की भेगा उघड्या पडल्या होत्या. मला म्हणाले, "तुपाचं मीच शिकिवलं व्हतं गं तुमास्नी."

उजवा डोळा गेला. डाव्यानं उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं.

घरी आल्यावर कितीतरी दिवस तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचा. मासवडी आली तरी वाटीवर हात ठेवायचा नाही. शाळेतली पोरं एकदा आली, दारात उभी राहिली, एकमेकांना ढकलत होती. कुणी आत आलं नाही. जाताना ज्याची क्वार्टरची बाटली होती तो म्हणाला, "सुदाम, येतो रं." चुन्या कुणी म्हणालं नाही. त्या दिवशी ते नाव ऐकायला मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग एका दुपारी मी धान्य निवडत असताना तो म्हणाला, "आक्के, परीक्षेला किती दिस राह्यले?"

हेडसर घरी आले. त्यांनी सांगितलं, बोर्डाची सोय आहे, हा सांगेल आणि दुसऱ्या कुणी लिहायचं. लिहिणारा मात्र खालच्या इयत्तेतला पाहिजे, म्हणजे आपल्या मनानं उत्तरं लिहिणार नाही. नववीतला एक मुलगा ठरला. दोनदा येऊन बसला, तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. ओट्यावरूनच बोलली, माझ्या आईकडं न बघता. "आमच्या पोराचं डोळं दुखाया लागलंत तुमच्याकडं बसल्यापासनं. एकाचं दुसऱ्याला लागतंय म्हनत्यात. आमाला एकच पोरगा हाय, बाई." सुदाम आतून म्हणाला, "आक्का बसंल."

हेडसर दुसऱ्या दिवशी आले तेव्हा हसले. "अरे, ती चौथी शिकलेली आहे."

"सर, खालची इयत्ता पायजे ना? चौथी दहावीच्या खालीच हाय."

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. मी दारामागं होते. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, "नियमात बसतं खरं."

मला मराठी लिहिता यायचं, सावकाश. इंग्रजी अक्षर एकही येत नव्हतं, आमच्या वेळी ते पाचवीत सुरू व्हायचं. आणि रसायनातलं सगळं इंग्रजी अक्षरांत. सुदामनं मला ती माझ्या तळहातावर बोटानं काढून शिकवली. आधी मी त्याचं पाठांतर घेत होते ना, आता उलटं.

"ही शिडी," तो म्हणायचा. "एकच पायरी हाय हिला. एच. तिच्या पायाशी बारका दोन. वर न्हाई, पायाशी. आन् बाजूला भाकरी. ओ. झालं पाणी."

"पाणी असं लिव्हत्यात?"

"जगात समदीकडं असंच."

"आन् मीठ?"

"थांब की. पाणी तर पिऊंदे."

महिनाभरात माझा तळहात त्याचं बोट लागून लागून कोरडा पडला होता. मी चुलीच्या राखेत काढून बघायची, मग पाटीवर, मग कागदावर. तो कागदावर हात फिरवायचा, जोर देऊन लिहिलं की उमटलेलं त्याला बोटानं लागायचं. चुकलं की म्हणायचा, "शिडी पडली तुजी."

पुस्तकात एक पान मी दोन वेळा उलटून पुढं गेले होते. तिसऱ्यांदा त्याला कळलं. त्याला क्रम पाठ होता.

"त्ये वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. कळीचा चुना आणि पाणी यांची अभिक्रिया होते. विझलेला चुना तयार होतो. उष्णता बाहेर पडते.

"परत वाच."

परत वाचलं.

"एवढंच लिव्हलंय? फुडं काय न्हाई? डोळ्यात गेला तर काय करायचं?"

मी पान उलटून बघितलं, मागचंही बघितलं. कडेला चित्र होतं, काचेचं भांडं आणि त्यातून निघणारी वाफ. "न्हाई," मी म्हणाले.

त्यानं पानावर हात फिरवला. मग म्हणाला, "तिथं शेवटी लिव्ह. पेन्सिलीनं. भरपूर पाणी." मी लिहिलं. ते पुस्तक पुढच्या वर्षी कुणाकुणाकडं गेलं, मला माहीत नाही.

परीक्षा मंचरच्या शाळेत होती. आम्हा दोघांना नकाशे आणि मोडकी बाकं ठेवलेल्या खोलीत बसवलं. देखरेखीला बाई होत्या. त्यांनी मला शिक्षण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पिशवीतलं विणकाम बाहेर काढलं. विज्ञानाच्या पेपरला सुदाम उत्तर सांगायचा, समीकरण आलं की माझा डावा हात ओढून त्यावर काढायचा, मी उजव्यानं कागदावर. बाईंनी एकदा वर बघितलं, "काय चाललंय?" म्हणाल्या. त्यानं सांगितलं, "बाई, अक्षर सांगतोय." त्या बघत राहिल्या. मग बाक ओढून आमच्याकडं पाठ करून बसल्या.

तो पास झाला. विज्ञानाला चांगले मार्क पडले. आईनं गावात गूळ वाटला आणि त्या नववीच्या पोराच्या घरी पहिला नेऊन दिला.

आता वाटतं, तिथंच लिहिणं थांबवावं. पण गोष्ट तिथं संपली नाही. त्याला रसायनाचंच पुढं शिकायचं होतं. आम्ही दोघं पुण्याकडच्या एका कॉलेजात गेलो. नाव लिहीत नाही, त्यांचा दोष नव्हता. जाताना एसटीत तो सगळा वेळ माझ्या हातावर अक्षरं काढत होता, नवीन, मला न येणारी. तिथल्या सरांनी बसवलं, चहा दिला, मार्क बघून मान हलवली. मग म्हणाले, "बाळा, प्रयोगशाळेत काच असते, ॲसिड असतं. तुला काही झालं तर जबाबदारी कुणाची? आणि रंग बदललेला तुला दिसणार कसा?" सुदामनं त्यांना सगळ्या रंगांची नावं सांगितली. मोरचूद निळा, हिराकस हिरवट, लिटमस कशात लाल होतो आणि कशात निळा. सर म्हणाले, "हो रे, तुला येतं सगळं." येताना एसटीत त्यानं माझ्या हाताला बोट लावलं नाही.

पुढं सरकारी सवलतीतून त्याला पारगावला टेलिफोनचा बूथ मिळाला. कारखान्याचा हंगाम चालू असला की ऊसतोडीची माणसं गावाकडं फोन करायला रांग लावायची. बाकी वेळ बसून असायचा. पहिल्यांदा एका दुकानदाराची मुलगी फोनचं बिल द्यायला आली आणि रेडिओ ऐकत बसलेल्या सुदामला सहज म्हणाली, सायन्सचा अभ्यास राहिलाय. तो म्हणाला, "बोल, काय विचारलंय?" मग बूथबाहेरच्या बाकावर पोरं बसायला लागली. तो कुणाला आयतं उत्तर द्यायचा नाही, तळहात पुढं करायला लावायचा. मुलींच्या आया कुरकुरल्या तेव्हा त्यानं पाटीवर वाळू पसरून घेतली. बूथ कधीच गेला. आता फोनवर पोरं आवाज पाठवतात, मामा हे समीकरण जुळत नाही म्हणून, आणि तो आवाजातच उत्तर देतो. चुन्याचा धडा आला की त्याच्या आवाजात काही बदल होत नाही. उलट जोर असतो. "आधी पाणी. भरपूर पाणी. बाकीचं मग," म्हणतो, आणि समीकरण नंतर सांगतो.

शेठचे पैसे फिटायला फार वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी अवसरीला आले होते. मध्ये शेठचा नातू दहावीत गेला, तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की सुदामनं त्याला शिकवावं आणि ती फी देण्यात वळती करावी. सुदामनं त्याला वर्षभर शिकवलं आणि फी घेतली नाही. म्हणाला, "शिकवनं येगळं, पैसं येगळं."

शेवटचे पैसे द्यायला नाना, सुदाम आणि मी गेलो. मला नेलं कारण नोटा मोजायला नानांना आता दिसत नव्हतं. शेठ म्हातारे झाले होते, गादीवर लोडाला टेकून. त्यांनी पैसे घेतले, मोजले, आणि एक नोट सुदामच्या हातात परत ठेवली. "राहू दे. शिकायला येणाऱ्या मुलांना खाऊ."

सुदामनं ती गादीवर ठेवली. "शेठ, पुरं घ्या. येक रुपाया राह्यला तरी तुमचं देणंच."

शेठनी नोट उचलली. आत हाक मारून चहा सांगितला. दुकानात चुन्याचा, दोराचा, रंगाचा तोच वास होता. मग नाना उठले, कळीच्या पोत्यापाशी गेले, एक खडा उचलून दुसऱ्यावर आपटून बघितला.

"काय भाव लावलाय?"

शेठनी भाव सांगितला.

"लई व्हतोय," नाना म्हणाले. "घोडेगावात कमी हाय."

मी नानांकडं बघतच राहिले. इतकी वर्षं ते या दुकानात येत होते, शेठ म्हणतील तो भाव देऊन, मान खाली घालून, वजनाकडं न बघता माल उचलत होते. भाव करायचं तोंडच राहिलं नव्हतं त्यांना.

"घोडेगावची कळी विझते तरी का?" शेठ लोडावरून सरळ झाले. "अर्धी माती असते!"

"तुमची बी काय चांदी न्हाई."

"मग जा घोडेगावला!"

"जातो! चल रं सुदाम!"

"थांबा हो, थांबा. चहा टाकलाय. पाच रुपये कमी द्या."

"धा."

सुदाम भिंतीला टेकून ऐकत होता, मान एकदा इकडं एकदा तिकडं वळवत. शेठ रागानं लाल झाले होते आणि नानांचा आवाज बाहेर पेठेत जात होता. सात रुपयांवर जमलं. नानांनी पोतं तागडीत घालायला लावलं, काटा सरळ उभा राहिला असं मी सांगेपर्यंत पोतं उतरवू दिलं नाही, आणि कळीचे पैसे माझ्याकडून मोजून घेऊन रोख दिले. शेठनी ते गल्ल्यात टाकले. आमच्याकडं त्यांचं काही राहिलं नव्हतं.